ढिल्या गाठी

हात्सुमीचं मनगट मुरगळलं हे कळल्यावर किनुएला आधी बरंच वाटलं. मग ती धावत शेजारी गेली.

"अर्धं कापड राहिलंय गं," हात्सुमी म्हणाली. "शुक्रवारी द्यायचंय. आपल्या अरिमात्सु गावात एका कापडाला एकच हात, माहितेय मला. पण तुझा हात अगदी माझ्यासारखा. बांधशील?"

"म्हणजे काय! आण इकडे."

किनुए हसली खरी, पण मनातून जळत होती. पन्नास वर्षं दोघी एकाच ओसरीवर बसून कापडाला चुण्या घालत आणि दोऱ्याने गाठी बांधत आल्या होत्या. आणि तोक्योच्या त्या तरुण डिझायनर मिझुहोने पॅरिसच्या आपल्या प्रदर्शनासाठी निवडलं कोणाला? हात्सुमीला! जिला धड चहा करता येत नाही, नुसतं कोमट पाणी पाजते.

कापड नव्या जातीचं होतं. ते नेहमीसारखं रंगवायचं नाही, नुसतं वाफवायचं. मग दोरा सोडला की प्रत्येक गाठीचं टोक कायमचं उभं राहतं. किनुएने चुण्या नीट घातल्या, गाठी मात्र एकूण एक ढिल्या बांधल्या. बघूच आता कशी मिरवते पॅरिसात!

आठवड्याने मिझुहोने वाफवलेलं कापड दोघींपुढे पसरलं. हात्सुमीच्या अर्ध्यात टोकं ताठ उभी होती. उरलेल्या अर्ध्यात ती एका बाजूला कलली होती, वाऱ्यावर भाताचं शेत झुकावं तशी.

"हात्सुमीआजी, हे कलणं कसं सुचलं तुम्हाला? मला सगळं प्रदर्शन असंच हवंय!"

किनुएचा तिळपापड झाला. आपल्याच हाताने शेजारणीच्या गळ्यात माळ घातली होती!

"माझं नाही ते," हात्सुमी म्हणाली. "तो अर्धा भाग किनुएचा. तिचा हात पहिल्यापासून माझ्यापेक्षा सरस. पन्नास वर्षं जळतेय मी तिच्यावर."

मिझुहोने कोरं कापड दोन्ही हातांनी किनुएपुढे ठेवलं. "किनुएआजी, अगदी असंच हवं. नाव तुमचंच लागेल."

दुसऱ्या दिवशी किनुए ओसरीवर बसली. तिने चुणी घातली, दोरा गुंडाळला, बोटं सैल सोडली. गाठ घट्टच बसली. सोडून पुन्हा बांधली, तरी घट्टच. त्या दिवशी जळफळत बांधताना तर बोटांना सांगावंही लागलं नव्हतं.

हात्सुमीने डाव्या हाताने चहा ओतून दिला. किनुएने डोळे मिटले आणि तिच्याबद्दल काहीतरी वाईट आठवायचा खूप प्रयत्न केला. मग घोट घेतला.

चहासुद्धा चांगला झाला होता.