बावन्न वजा सत्तावीस

शिवानीने फळ्यावरच्या गणिताखाली पस्तीस लिहिले, खडू ठेवला आणि फ्रॉकला हात पुसत बाईंकडे पाहिले.

समोर सतरंजीवर अकरा शाळांचे चाळीस शिक्षक बसले होते. खडवलीजवळच्या त्या जिल्हा परिषद शाळेत महिन्याची शिक्षण परिषद भरली होती आणि तिसरीच्या मृणाल ओव्हाळ बाई सगळ्यांना नमुना पाठ दाखवत होत्या. नमुना पाठात उत्तर चुकत नसते. तशी पद्धतच नाही. चार दिवस आधी पाच हुशार मुले निवडायची, तीच गणिते त्यांच्याकडून घोटून घ्यायची, आणि परिषदेच्या दिवशी बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत पाचही हात वर. मग टाळ्या, फोटो, अहवाल. पाहणाऱ्यांनाही हे ठाऊक असते, पण पुढच्या महिन्यात त्यांच्यातल्याच कुणाचा तरी नंबर असतो.

मृणालने मात्र वजाबाकी न येणारी पाच मुले आणली होती.

"घाबरली पोर," या अकरा शाळांचे केंद्रप्रमुख भोईर सर हसून म्हणाले. फोटोसाठी वर धरलेला मोबाइल त्यांनी खाली घेतला. "एवढी माणसं बघून होतं असं. मॅडम, दुसऱ्या कुणाला तरी घ्या."

"ती घाबरलेली नाही, सर. तिला येत नाही." मृणाल थांबली नाही. "उत्तर पंचवीस यायला पाहिजे. जूनपासून शिकवतेय. दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवला. काड्या हातात असल्या की जमतं, वहीवर आलं की पुन्हा पस्तीस. मलाच हे शिकवता येत नाहीये. म्हणून आज हाच पाठ घेतला. इथं चाळीस जण बसलोय आपण. कुणीतरी सांगा, मी काय करू?"

दोघा-तिघांनी घड्याळात पाहिले, एका बाईंनी पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतले. मुलांना येत नाही असे शिक्षक दिवसातून दहा वेळा म्हणतात. मला येत नाही असे त्या खोलीत कुणी कधी म्हटले नव्हते.

भोईर सर फळ्याजवळ आले आणि आवाज दाबून म्हणाले, "काय चाललंय मॅडम तुमचं? आदर्श शिक्षकासाठी तुमचं नाव पाठवलंय मी. माझं तोंड कुठं लपवू? पुढचं गणित घ्या नि संपवा."

"नाव मागे घ्या, सर."

पुरस्कार तिला हवा होता. कळव्यात आईने अख्ख्या चाळीला सांगून ठेवले होते. लाजेने तिचे कान तापले. पण सहा महिने एक मुलगी रोज आपल्यासमोर चुकते आणि आपण तिच्या प्रगतिपत्रकावर 'समाधानकारक' लिहून मोकळे होतो, याची तिला जास्त लाज वाटत होती. आणि रागही येत होता, स्वतःचा आणि त्या सतरंजीवरच्या प्रत्येकाचा.

मागच्या ओळीतून देवराम गुरुजी उठले. चार महिन्यांनी निवृत्त होणारे हे गृहस्थ परिषदेत आजवर फक्त चहा आला की उठत. ते गुडघ्यावर हात टेकत पुढे आले आणि शिवानीच्या शेजारी जमिनीवर बसले.

"पस्तीस कसे काढलेस गं बाळा? मला कळेल असं सांग."

शिवानीने आधी बाईंकडे पाहिले. मग बोट ठेवून दाखवू लागली. "वरती दोन हायेत. खाली सात. सातातून दोन काढले, पाच. मंग पाचातून दोन काढले, तीन."

"पण वरचे दोन आणि खालचे सात. दोनातून सात काढायचे ना?"

"नाय," शिवानी ठामपणे म्हणाली. एवढ्या मोठ्या माणसाला एवढे साधे कळू नये, याचे तिला आश्चर्य वाटले. "नेहमी मोठ्यातून लहान काढायचा. बाईंनी सांगितलंय."

मृणालच्या हातातला डस्टर तसाच राहिला. हे वाक्य तिचेच होते. ही मुले पहिलीत तिच्याकडे आल्यापासून ती ते सांगत आली होती, मुलांकडून एका सुरात म्हणवून घेत आली होती. पोरगी सहा महिने बाईंचेच ऐकत होती.

"हो," ती सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली. "मीच सांगितलंय."

"मी बत्तीस वर्षं सांगतोय," देवराम गुरुजी जमिनीवरूनच म्हणाले. "आणि बत्तीस वर्षं पोरांना मठ्ठ म्हणतोय. एकालाही विचारलं नाही, कसं केलंस म्हणून."

डोंबिवलीहून येणारी नवी शिक्षिका क्षिप्रा बसल्या जागीच म्हणाली, "माझ्या वर्गात आठ जण असंच करतात. मी कुणाला बोलले नव्हते." तिच्यामागून कुणी अकरा म्हणाले, कुणी सहा. मग ते वाक्य सांगायचे नाही तर काय सांगायचे, यावर दोन गुरुजींची चांगलीच जुंपली. चहा आला होता. कुणी उठले नाही.

भोईर सर अहवालाचा कागद घेऊन उभे होते. बारा वर्षे त्यांनीही तिसरी शिकवली होती, पण तो विषय त्यांनी काढला नाही.

"मॅडम, यात मी लिहू काय?"

"झालं ते लिहा. चूक मुलीची नव्हती, आमची होती, असं लिहा."

"अहो, वर मानायचे नाहीत हे. मलाच विचारतील."

"मग त्यांना इथं पाठवा," मृणाल म्हणाली. "साडेदहाला शाळा भरते. शिवानी समजावून सांगेल त्यांना."