कुंभाराची हजेरी

आमच्या संग्रहालयातल्या हजेरीच्या यंत्रानं सोमवारी दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुंभाराची हजेरी लावली. असं काही घडलंच नाही, असं कार्यालयात ठरलेलं आहे. कृष्णाकाठी उत्खननात निघालेली खापरं वीस वर्षं धुणाऱ्या मेहरुनबी मावशींचा अंगठा यंत्र घेईना. "मावशी, हजेरी न्हाई लागली तर नाव कटतंय, नीट दाबा की," हेडक्लार्क लालासाहेब म्हणाले. "आवं, दाबू काय, कपाळ? खापरं धुता धुता अंगठ्याच्या रेघाच गेल्या. ह्या गड्याच्या बघा, कशा जपल्यात मी!" मावशींनी हातातलं खापर यंत्रापुढं धरलं. मडकं ओलं असताना कुंभाराचा अंगठा त्यावर उमटला होता, रेघ न् रेघ शाबूत. यंत्र गोड आवाजात बोललं, "नवीन कर्मचारी. नोंद झाली. धन्यवाद." लालासाहेबांनी चपला काढून खापराला हात जोडले. मावशींचं नाव मात्र कटलंच. म्हणून मी अर्ज लिहिला:

"मा. संचालक महोदय, सोमवारी रुजू झालेले कर्मचारी (पद: कुंभार, नाव: माहीत नाही) यांनी दोन हजार वर्षांत एकही रजा घेतलेली नाही. कामात कसूर नाही; अंगठाही अद्याप पुसलेला नाही. तरी त्यांची साठलेली सर्व रजा एकदम मंजूर करावी आणि ते परत हजर होईपर्यंत त्यांच्या जागेवर श्रीमती मेहरुनबी यांची, अंगठा न मागता, नेमणूक करावी, ही नम्र विनंती."