मॅन्युअलच घ्या

१९८१ साली ह्यांनी लाल स्पोर्ट्स कार घेतली. मी एकदा चालवायला मागितली, तर चार मित्रांसमोर म्हणाले, "क्लच-गिअर हे बायकांचं काम नव्हे. तुझ्यासाठी ऑटोमॅटिक घेऊ कधीतरी!" मित्र पोट धरधरून हसले. मी सगळ्यांना चहा दिला आणि दुसऱ्याच दिवशी गुपचूप ड्रायव्हिंग स्कूल गाठलं. लायसन्स कपाटात दडवलं, पण त्याची मुदत कधी संपू दिली नाही.

गेल्या वर्षी ह्यांना पुन्हा तशाच गाडीची हुक्की आली. शोरूममधला सेल्समन म्हणाला, "काका, या वयात ऑटोमॅटिकच घ्या."

हे मान डोलावणार, तेवढ्यात मी म्हणाले, "अहो, भलतंच काय सुचवताय! ऑटोमॅटिक म्हणजे बायकांची गाडी, असं हे जन्मभर सांगत आलेत. हो की नाही हो?"

ह्यांनी पेन मागून घेतलं आणि मॅन्युअलच्या कागदावर सही केली.



चार मित्रांपैकी दोघे गेले, सेल्समनला बढती मिळाली, आणि ह्यांचा डावा गुडघा क्लच दाबण्याइतका वाकत नाही हे मला आधीच ठाऊक असल्यामुळे गाडी पहिल्या दिवसापासून मीच चालवते.