वासाची गोळी

दिवस मावळतीला टेकला तसं बाबुलालनं गोदामाचं शटर आतून खाली ओढलं.

"हलाचं नाई कोणी," तो म्हणाला. "पाखरं येऊ द्या." तांदळाला लागणाऱ्या बारीक पतंगांना मिलमध्ये पाखरं म्हणत.

आत चौघंच होते. बाबुलाल, राइस मिलचा तीस वर्षांचा जुना हमाल. ट्रकवाला वीरेंद्र. किड्यांचे सापळे सांभाळणारा प्रफुल्ल. आणि खुद्द मिलमालक वासुदेवराव. त्यांना या रांगेत उभं राहायला कोण सांगणार? पण तेच आपणहून म्हणाले होते, "मीबी उभा राह्यतो, बाबुलाल. माह्या गोदामात झालं ना. कायदा सर्वाईले सारखा." एवढा मोठा माणूस! बाबुलालचा ऊर भरून आला होता.

चार दिवसांपूर्वी पोत्यांच्या याच थप्प्यांच्या बोळीत त्याचा पोरगा अंकुश पडला होता. कोणीतरी लोखंडी पाइपानं त्याचं तोंड असं ठेचलं होतं, की बापानं त्याला ओळखलं ते शर्टाच्या बटणावरून. सुमनबाईनं, त्याच्या आईनं, ते लाल दोऱ्यानं शिवलं होतं. बाजूला किड्यांच्या सापळ्याची चपटी डबी पडलेली, झटापटीत पार चुराडा झालेली. आतली वासाची गोळीही फरशीला चिरडून बसली होती. गोदामातल्या तांदळाला कीड लागल्याचं साकोलीच्या सरकारी हापिसात दाखवायला अंकुश त्या दिवशी ती डबी घेऊन निघाला होता.

पोलिसांनी पंचनामा केला. त्या वेळी मिलमध्ये होते वीरेंद्र, प्रफुल्ल आणि मालक, हे तिघंच. तिघांनाही विचारपूस करून सोडून दिलं.

बाबुलालला झोप कसली! आणि मग त्याला ते आठवलं. सापळ्यांचं काम शिकत होता तेव्हा अंकुशनं एकदा गोळी उघड्या हातानं धरली आणि तसाच घरी आला. जेवायला बसला, तर पाखरं येऊन त्याच्या बाहीवर बसायला लागली. सुमनबाई पोट धरून हसली. "काहून रे, लोकं बायको आणतेत, तू पाखरं घेऊन आला!" अंकुशनं सांगितलं होतं, गोळीला मादीचा वास असतो, नर वेडापिसा होऊन येतो. हात धुतले तरी वास आठ दिवस जात नाही.

ज्यानं अंकुशला मारलं त्याच्या अंगाला ती चिरडलेली गोळी लागली असणारच. माणूस खोटं बोलंल, पाखरू कायले बोलंल?

त्यानं हे मालकांना सांगितलं होतं. मालकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर हाये तुहं. पण शनिवारी करू."

आज शनिवार होता.

बल्बभोवती दोन पाखरं आली. मग चार. वीरेंद्रच्या कपाळावर घामाचे थेंब आले. एक पाखरू त्याच्या कानाजवळून गेलं, तसं त्यानं डोकं बाजूला घेतलं. पण ते तिथं थांबलं नाही. ते प्रफुल्लच्या मनगटावर जाऊन बसलं. मागोमाग दुसरं आलं. बघता बघता बाहीवर, बोटांवर पाखरंच पाखरं.

"काका," प्रफुल्ल म्हणाला, "मी तं सकाळीच..."

बाबुलालनं पोती ओढायचा हूक कमरेतून कधी काढला ते त्यालाच कळलं नाही. पहिला घाव खांद्यात रुतला. प्रफुल्ल ओरडला आणि थप्पीवर आदळला.

"सानगडीच्या बाजारात तूच धरली होती ना बे त्याची कॉलर? तूच ना?"

"ते भांडण मिटलं होतं, काका! अंकुश अन् मी तं..."

"नाव नको घेऊ त्याचं!"

दुसरा घाव जबड्यावर बसला. दात फरशीवर पडले. वीरेंद्र मधे धावला, पण वासुदेवरावांनी त्याला मागं खेचलं. "बापाचा हक्क हाये. राहू दे." मग बाबुलालला कोणी अडवलं नाही. पोटात, मानेत, तोंडावर तो मारत राहिला. हुंदके देत मारत राहिला. रक्तात भिजलेली पाखरं प्रफुल्लच्या हातावर फडफडत होती. मग प्रफुल्लचं कण्हणं थांबलं.

बाबुलालच्या जिवाला पहिल्यांदा थंडावा वाटला. आता सुमनबाईला तोंड दाखवता येईल.

बाहेरून शटर कोणीतरी बडवत होतं. वीरेंद्रनं ते वर उचललं. दर शनिवारी सापळे तपासायला साकोलीहून येणारी रूपा दारात उभी होती. आतलं पाहून तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"कोणं केलं हे?"

"मी," बाबुलाल म्हणाला. "पाखराईनं दाखवून देल्लं. पोराच्या डबीतल्या गोळीचा वास होता याच्या हाताले."

रूपा प्रफुल्लजवळ वाकली. "काका, त्या चपट्या डबीत टोक्याची गोळी राह्यते. पोत्याखाली रांगतेत ते तांबूस किडे, टोके. दर किड्याचा वास येगळा राह्यते. टोक्याच्या वासाले पाखरू ढुंकून पाहात नाई." तिला रडू फुटलं. "पाखराच्या गोळ्या प्रफुल्लनं आज सकाळी बदलवल्या. मले फोनवर सांगून राहिला होता, हातमोजे मागतले तं मालक म्हणाले, कायले पाह्यजे, तसाच लाव."

बाबुलालची मान खाली गेली. फरशीवर रक्त पसरत होतं. थप्पीखालून, भिंतीच्या भेगांतून बारीक तांबूस टोके निघाले होते, आणि रक्ताला वळसा घालून एकामागून एक वासुदेवरावांच्या उजव्या बुटावर चढत होते.