आराखडा कुणी केला

वस्तीच्या मालकीच्या जंगलातली कुठली झाडं तोडायची आणि ओंडके खाली आणायला रस्ता कुठून काढायचा, याचा आराखडा इंजिनिअरबाईंनी दोन आठवडे खपून तयार केला. सोबत फिरणारे म्हातारे लाकूडतोडे काका मात्र एका वळणाशी अडून बसले.

“इथून रस्ता नको, ताई. खाली पाणी आहे.”

“काका, मी सगळं मोजलंय. जमीन कोरडीठाक आहे.”

काकांनी वाद घातला नाही, फावडं घेतलं. दोन हात खोल गेल्यावर खड्ड्यात पाणी पाझरू लागलं. अख्खी वस्ती ज्याचं पाणी पीत होती तो झरा इथूनच खाली जात होता. ओंडक्यांच्या गाड्यांनी तो कायमचा दबला असता. बाईंनी आखलेला रस्ता खोडला आणि पुढचे चार दिवस काका नेतील तिथून नवा आखला.

महिन्याभराने वस्तीच्या सभेत आराखडा मंजूर झाला. बाईंनी त्याची एक प्रत काकांच्या हातात ठेवली.

“यात तुमचं नाव आहे, काका.”

काकांना स्वतःचं नाव तेवढं वाचता यायचं. त्यांनी सवयीने शेवटचं पान उघडलं आणि मजुरांच्या यादीवरून सावकाश बोट फिरवलं. यादी संपली.

“राहिलं वाटतं,” ते ओशाळं हसले. “असू दे, ताई.”

बाईंनी प्रत मिटली आणि पहिलं पान त्यांच्यासमोर धरलं. ‘आराखडा तयार करणारे’ या शब्दांखाली दोन नावं होती. बाईंचं दुसरं होतं.