हरभऱ्यातला भोंगा

बांधावर पाय ठेवला आणि रागिणीला तिच्या भावाचं, कुंदनचं, आवडतं गाणं ऐकू आलं. भोंग्यातून येत होतं, चिरकत, फाटत, पण तेच. सुरुवातीला गिटारवाला नुसताच तारा चाचपत बसतो आणि मग सगळे मिळून एकदम अंगावर येतात. ती जागा जवळ आली की कुंदन तिच्या कानातला इअरफोन बोटानं दाबून धरायचा.

म्हणजे पिंटू खोटं बोलला नव्हता. शेजारच्या वावरातल्या या पिंटूनं सकाळी तिला अमरावतीला फोन केला तो भलत्याच कामासाठी, आणि बोलता बोलता हसत सांगून गेला, की सारं गाव पिकातली रानडुकरं पळवायला भोंग्यावर वाघाच्या डरकाळ्या लावतं, डुकरं आता वाघाला भीक घालत नाहीत. पण जानरावकाकांनी कुंदनची इंग्रजी गाणी लावली आणि डुकरं थेट एमपीत गेली. रागिणीनं अर्धी सुट्टी टाकून वरूडची एसटी धरली. घरी आईनं पुढे केलेला चहासुद्धा घेतला नाही. मोर्शी रोडवर भावाची गाडी घसरली त्याला अजून वर्षही झालं नव्हतं, आणि त्यानं जिवापाड जपलेल्या अल्बमांवर बाबा डुकरं हाकत होते. त्या गाण्यांचा पेन ड्राइव्ह काढून न्यायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

जानराव मचाणावर बसले होते. दिवस कलला होता. खाली संत्र्याच्या कोवळ्या झाडांच्या ओळी, ओळींमध्ये हरभरा, आणि वर बांबूला बांधलेला भोंगा. लेकीला शिडी चढताना पाहून ते गडबडले, आवाज कमी करायला गेले आणि उलट वाढवून बसले.

"बाबा, डुकरं हाकाले दादाचीच गानी सापडली तुमाले?"

ती रागारागानं बोलत राहिली. हे इंडी रॉक होतं, दादाचा जीव होता त्यात. मोठी कंपनी नाही, जाहिरात नाही, चार पोरं एका खोलीत बसून वाजवतात, म्हणून त्या गाण्यांना खोलीचा वास येतो असं तो म्हणायचा. आणि ती इथं डुकरांपुढे. बोलता बोलता तिनं भोंग्याच्या डब्याकडे हात नेला. जानरावांनी आपला हात आडवा ठेवला.

"हे संपू दे," ते म्हणाले. "याच्या मांगून रेल्वेवालं हाये."

रागिणीचा हात थांबला. कोणतं रेल्वेवालं, तिनं विचारलं.

मग जानरावांनी, तिच्याकडे न बघता, हरभऱ्याकडे बघत सांगितलं. अल्बमांची नावं त्यांना वाचता येत नव्हती, म्हणून त्यांनी आपल्या मनानं ठेवली होती. एक भांडेवालं, त्याची सुरुवात मांडणी कोसळल्यासारखी होते, डुकरं पहिल्याच झटक्याला पळतात. एक रेल्वेवालं. त्यात ढोल पुलावरून गाडी गेल्यासारखा वाजतो, पण मध्येच सगळे दम खायला थांबतात आणि डुकरं बांधापर्यंत परत येतात. तेवढा वेळ पत्र्याचा डबा बडवावा लागतो. एकात एक पोरगी गाते. तिला कायम सर्दी झाल्यासारखी वाटते, पण हटत नाही पठ्ठी.

रागिणीला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच रडू आलं. त्या पोरीच्या अल्बमवरून ती आणि कुंदन अख्खी दिवाळी भांडले होते. पोरगी रजईतून गाते, असं कुंदनचं मत होतं, आणि म्हणूनच ती त्याला खरी वाटायची.

घरी का नाही ऐकत, तिनं हळूच विचारलं. घरी भोंगा लावला होता एकदा, जानराव म्हणाले. पहिल्याच गाण्याला रागिणीची आई केशरबाई उठून मागच्या दारी जाऊन बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत आत आल्या नाहीत. लॅपटॉपचा पासवर्ड कुंदनबरोबर गेला. पेन ड्राइव्ह कुठं लावायचा तर भोंग्याच्या डब्याला, दुसरं काही त्यांना ठाऊक नव्हतं.

"अन् लोकाइले काय सांगू? या वयात पोराचे इंग्रजी गाने ऐकून राहिलो म्हनू?" जानराव म्हणाले. "डुकराचं सांगतलं."

त्यांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं. रेल्वेवालं मागे पडलं. आता रडकं लावतो, म्हणाले.

रागिणीनं ते लगेच ओळखलं. कुंदनचं सगळ्यांत लाडकं, आणि तिला सदा कंटाळवाणं वाटलेलं. ढोल नाही, काही नाही. एक गिटार आणि स्वतःशी बोलल्यासारखा गाणारा एक पोरगा. मध्ये कुठंतरी खुर्ची करकरते, ती त्यांनी तशीच राहू दिली आहे. कुंदन तेवढ्यासाठी गाणं मागे नेऊन पुन्हा ऐकायचा. त्यात काय ऐकायचं ते तिला कधी कळलं नव्हतं.

खुर्ची करकरली.

"हे," जानराव म्हणाले. "हे आलं का वाटते, कोनी बसून हाये."

रागिणीनं बाबांचा हात हातात घेतला. तो गार पडला होता.

तेवढ्यात खालचा हरभरा हलला. अंधुक उजेडात काळ्या पाठी दिसल्या, एक, मागून आणखी. या गाण्याला डुकरं भीत नव्हती. मुळं उपटल्याचा आवाज मचाणापर्यंत यायला लागला. रागिणी टॉर्च घेऊन उठली, बडवायचा डबा शोधू लागली. जानरावांनी तिला मनगटाला धरून खाली बसवलं.

"खाऊ दे," ते म्हणाले. "गानं संपू दे."