कोल्ह्यावरून उडी

स्की भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या भिंतीवर पाट्या होत्या: नवशिके, बरं जमणारे, पटाईत. नवशिक्यांच्या स्की हनुवटीपर्यंत येतील एवढ्या, पटाइतांच्या डोक्याच्याही वर गेलेल्या. चष्मेवाल्याने त्या पाहिल्या आणि तो बायकोजवळ सरकला.

"अजूनही सांगतो," तो बायकोच्या कानाशी कुजबुजला, "टूरवाल्यांनी ठरवलेलं राहू दे. पलीकडच्या गल्लीत दुसरं दुकान आहे. आपलं आपण भाड्याने घेऊ."

"पैसे भरून झालेत, सामान तयार आहे. आता पलीकडची गल्ली कशाला?"

"आपलं आपण घेतलं की मनासारखं मिळतं."

घरीही त्याने महिनाभर हेच लावून धरलं होतं. टूरवाले म्हणजे दलाल, टूरवाले जुनंपुराणं गळ्यात मारतात, रोज नवं कारण. खरं कारण एकच होतं आणि ते सांगण्यासारखं नव्हतं. टूरवाले फोनवर सगळं आधीच विचारून घेतात: वजन, उंची, बुटाचं माप आणि स्कीइंग कितपत येतं ते. तो फोन बायकोने घेतला होता. आणि बायकोपुढे, लेकीपुढे, डोळे तपासायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकापुढे चष्मेवाला इतकी वर्षं बर्फावरचा पट्टीचा खेळाडू होता. उचलली जीभ, लावली टाळ्याला! स्वतः दुकान शोधलं असतं, तर दुकानदाराला कोपऱ्यात घेऊन हळूच 'नवशिक्याचं द्या' म्हणता आलं असतं.

"फोनवर तू काय सांगितलंस?"

"कशाबद्दल?"

"मला कितपत येतं, त्याबद्दल."

"जे खरं ते सांगितलं," बायको म्हणाली आणि बुटाचे खटके लावायला वाकली.

झालं! चष्मेवाल्याने कानटोपी काढून कपाळ पुसलं.

त्यांची आठ वर्षांची लेक खारू तेवढ्यात रांगेतल्या एका उंच गृहस्थाला गाठून बसली होती. "माझे बाबा एकदा डोंगरावरून घसरत येत होते ना, तर मध्येच कोल्हा आला. मग बाबांनी त्याच्यावरून उडी मारली! कोल्हा खाली बसून बघतच राहिला."

"काय सांगतेस!" गृहस्थ म्हणाला आणि त्याने चष्मेवाल्याकडे आदराने पाहून मान लववली. चष्मेवाल्यालाही लववावी लागली.

काउंटरवरची बाई आतून एक लांबलचक जोडी घेऊन आली आणि तिने ती नेमकी चष्मेवाल्यासमोर टेकवून ठेवली. "पटाइताची," ती म्हणाली. "बुटाची पकड घट्ट केलीय. चांगलं जोरात आपटल्याशिवाय पाय सुटायचा नाही." आणि ती पुन्हा आत गेली.

खिडकीतून डोंगर दिसत होता. त्याच्या माथ्यावरून एक ठिपका सुसाट खाली येत होता. चष्मेवाला त्या ठिपक्याकडे बघत राहिला. मग तो जरा लंगडत बाकाकडे गेला.

"आज माझा गुडघा जरा..."

"मग उडी उद्या मार," खारू म्हणाली. "आपण आठवडाभर आहोत. मी खाली उभी राहणार, तू अगदी वरून ये. कोल्हा नसला तरी चालेल, पण उडी मारायची. मी सगळ्या वर्गाला सांगून आलेय."

तिचे डोळे असे चमकत होते की चष्मेवाल्याला गुडघ्याची थाप पुढे रेटवेना. आपटण्याची भीती होतीच, पण खाली ही अशी डोळे लावून उभी असेल, याची भीती त्याहून मोठी निघाली. तो बाकावर बसला आणि त्याने तिला समोर उभं केलं.

"खारू, मला स्कीइंग येत नाही. कधीच येत नव्हतं. एकदा कामासाठी अशाच एका गावातून बसने चाललो होतो. खिडकीतून लोक घसरताना पाहिले. तेवढंच."

उंच गृहस्थ छताकडे बघू लागला. खारूचा खालचा ओठ पुढे आला.

"आणि कोल्हा?"

"कोल्हा होता. शप्पथ. रस्त्याच्या कडेला बसून बसकडे बघत होता."

तेवढ्यात काउंटरवरची बाई परत आली. "अहो, ती लांब जोडी या उंच साहेबांची. तुमची ही." तिने चष्मेवाल्याच्या हातात एक बुटकी, हिरवी जोडी ठेवली. "नवशिके. फोनवर तसंच सांगितलं होतं ना?"

चष्मेवाल्याने बायकोकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं?"

"साखरपुड्यापासून. घराच्या दोन पायऱ्या उतरताना तुम्ही कठडा धरता."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"ती गोष्ट सांगताना काय फुलतो हो तुमचा चेहरा! म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, राहू दे. तुम्हीच उघडलीत."

चष्मेवाल्याला भयंकर राग आला, त्याहून जास्त लाज वाटली, आणि लग्नाच्या दिवशीही आवडली नसेल इतकी त्याला बायको आवडली. तो हसायला लागला. मग बायको हसली. उंच गृहस्थाने आपली जोडी खांद्यावर टाकली आणि जाता जाता चष्मेवाल्याला पुन्हा एकदा मान लववली, मघापेक्षा जरा जास्तच.

तिघं बाहेर पडली. त्या जड बुटांत तिघांनाही बदकासारखं चालावं लागत होतं, बाप पुढे, लेक आणि आई मागे. नवशिक्यांचा उतार आला, जेमतेम अंगणाएवढा. तिथे खारूने बापाचा हात घट्ट धरला.

"बाबा, आता कोल्हा आला ना, तर उडी नाही मारायची," ती म्हणाली. "थांबायचं आणि त्याला आधी जाऊ द्यायचं."